दोन टनांवरचा काटा

नांदुऱ्याच्या कापूस दाबायच्या प्रेसमध्ये बायकांना इंजिनघराचा उंबरा वर्षातून एकच दिवस ओलांडता यायचा, खंडेनवमीला. आणि नेमका त्याच दिवशी काटा शून्यावर असायचा. बॉयलर गार पडलेला, पट्टे चाकांवरून उतरवलेले, चाकाचाकाला झेंडूची माळ, आणि दाबाच्या घड्याळातला काटा खालच्या खुंटीला टेकून निजलेला. मी सहा वर्षांची असेन. आईचं बोट धरून गेले होते. बाबांना विचारलं, "हा काटा उठते कधी?"

"तू घरी गेल्यावर," बाबा म्हणाले.

सगळे हसले, मीही हसले. घरी येताना मात्र मी चारदा मागं वळून पाहिलं, की तो उठला असेल का आता.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. बॉयलर तपासायला साहेब नागपूरहून रेल्वेनं यायचा आणि स्टेशनापासून प्रेसपर्यंत नाकाला रुमाल लावून चालायचा. आमचं गाव कापसाचं. जिनात सरकी वेगळी करणारे रेचे चालवायला बायका होत्याच, शंभरावर होत्या. पण इंजिनघर आणि त्याला लागून असलेली प्रेसची खोली, तिथं यंत्र चालू असताना बाईनं जायचं नाही. माझ्या जन्माआधी एका बाईचा पदर पट्ट्यात गेला होता. तेव्हापासूनचा तो नियम, आणि तो मोडावा असं कोणाला वाटलंही नाही. मला वाटायचं, पण मी कोण.

माझे बाबा, इंद्रभान मिस्त्री, मूळचे वरवट बकालचे लोहार. विळे-कुऱ्हाडी सोडून प्रेसवर आले आणि फिटर झाले. मी आठ वर्षांची असताना वाफेनं त्यांचा उजवा हात भाजला. हात वाचला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळून राहिलं, आणि बाकीच्या बोटांची टोकं मेली. आट्यांची धार कळेना, पितळेवरची बारीक चीर कळेना. फिटरला डोळे एकवेळ कमी असले तरी चालतात, बोटं मेलेली चालत नाहीत. बाबांनी ही गोष्ट प्रेसवर सांगितली नाही. ते नळ्यांचे तुकडे, कॉक, टोप्या एका पिशवीत घालून घरी आणू लागले, आणि माझ्यापुढं ओतू लागले. मी ज्वारी निवडावी तसं ते निवडत असे. डोळे मिटून. हा आटा मोडलेला, हा झिजलेला, हा चांगला. बाबा शेजारी बसून विडी ओढत आणि म्हणत, "घाई नको करू. बोट फिरू दे."

प्रेसवर हे एकट्या गनीचाचांना माहीत होतं. अब्दुल गनी म्हणजे बाबांचे जोडीदार, दुसरे फिटर. दाढी मेंदीनं लाल, आवाज भोंग्यासारखा. ते मला 'छोटा मिस्त्री' म्हणत.

कुठल्या नळीला घड्याळ कसं जोडायचं हे मी त्या दोघांकडून शिकले. तीन तऱ्हा होत्या. पाण्याच्या टाकीकडून येणारी नळी गरीब, तिचा दाब थोडा. तिला अंबाडी पुरायची. आमच्याकडं अंबाडी शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, होतेच. तिची साल भिजवून, झोडपून जो धागा निघतो तो मी फणीनं विंचरून केसासारखा करत असे. तो आट्यांवर गुंडाळायचा आणि वर जवसाच्या तेलात मळलेला सफेदा लावायचा.

बॉयलरची गोष्ट वेगळी. वाफ थेट घड्याळात गेली तर आतली नाजूक नळी भाजून निघते, आणि काटा खोटं बोलायला लागतो. म्हणून मधे शेपटीसारखी वळवलेली एक नळी. तिच्या वळणात पाणी साचून राहतं. वाफ पाण्याला ढकलते आणि पाणी काट्याला. आट्यांवर मात्र तिथंही अंबाडी आणि सफेदाच.

"सून सासऱ्यासंग बोलते तसं हाय बेटा," गनीचाचा सांगत. "मधात सासू लागते."

"तुमच्या घरी तं सासूच सगळं बोलते," आई आतून म्हणायची.

"म्हणून तं भाभी, आमच्या घरचा काटा सदा वर!"

आणि तिसरी प्रेसची नळी. बाहेरून मनगटाएवढी जाड, आत भोक पेन्सिलीएवढं. त्यातून पंपाचं पाणी जायचं आणि कापसाची गाठ दाबायचं. दाब किती, तर टपालाच्या तिकिटाहून थोड्या मोठ्या जागेवर दोन टन. बाबा म्हणत, कापसाच्या भरलेल्या चार गाड्या त्या तिकिटावर उभ्या कर. तिथं अंबाडी आणि सफेद्याचं काही चालत नाही. दाब त्यांना शेवयांसारखं पिळून बाहेर काढतो. तिथं फक्त तांब्याची अंगठी. घड्याळाचं बूड आणि नळीचं तोंड यांच्या मधे ती बसवायची आणि पान्यानं आवळायचं. मऊ तांबं दोन्हीकडून चेपतं आणि मग तिथून पाण्याचा थेंबही जात नाही. पण एकदा दाब खाल्लेली अंगठी कडक होते. पुन्हा वापरायची तर ती विस्तवात लाल करून पाण्यात बुडवावी लागते. लोखंड असं बुडवलं की कडक होतं, तांबं मऊ होतं. लोहाराच्या घरात हे उलटं शास्त्र पचायला मला एक अख्खं वर्ष लागलं.

सगळ्यात वाईट गोष्ट ही, की बॉयलरच्या आणि प्रेसच्या घड्याळांचे आटे सारखेच होते. चुकीचा सांधाही बसायचा आणि दिसायला चांगला बसायचा.

म्हणून मी पुड्या करत असे. जुन्या लुगड्याच्या चिंधीत ज्याचं त्याचं सामान बांधायचं. पाण्याच्या पुडीला एक गाठ, वाफेच्या पुडीला दोन, प्रेसच्या पुडीला तीन. बाबांना वाचता येत नव्हतं, गनीचाचांना उर्दू यायचं आणि मला शाळेतलं मराठी. गाठी मात्र तिघांनाही वाचता यायच्या. आणि आपला सफेदा ओळखू यावा म्हणून मी त्यात चिमूटभर हळद टाकत असे. ती खोड माझी.

म्हणजे सात-आठ वर्षं त्या प्रेसमधला प्रत्येक काटा माझ्या हाताच्या सांध्यावर उठत होता आणि बसत होता, आणि मी एकदाही तो उठलेला पाहिला नव्हता. हंगामात सकाळी भोंगा झाला की मी अंगणात उभी राहायची. आता वाफ चढत असेल. आता काटा खुंटी सोडत असेल. बाबा संध्याकाळी आले की पहिला प्रश्न तोच. "आज किती?" बाबा सांगायचे, "दोन टनाले टेकला." पण टेकला म्हणजे कसा, थरथरत की सावकाश, एकदम की घड्याळाच्या मोठ्या काट्यासारखा कळू न देता, ते त्यांना सांगता येत नसे. "काटा हाय, काट्यासारखा जाते," एवढंच म्हणत.

बेचाळीसच्या पुढल्या साली मला सोळावं लागलं, आणि आईच्या जिवाला घोर लागला. घट बसल्यावर तिसऱ्या दिवशी बीबीची माणसं मला पाहायला आली. बीबी म्हणजे जिल्ह्याचं पार दुसरं टोक, लोणारकडचं. तिकडं रेल्वे नाही, प्रेस नाही. माणसं चांगली होती. मुलगा रामराव, घरचा भाता, दहा एकर शेत. त्यांनी मला स्वयंपाक विचारला, नाव लिहून दाखवायला सांगितलं. रामरावांच्या आत्यानं माझे हात हातात घेऊन पाहिले आणि म्हणाली, "पोरीचे बोटं काऊन असे काळे?"

"काम करते न व माय," आई म्हणाली. कोणतं ते सांगितलं नाही.

लग्न माघात ठरलं. पाहुणे गेल्यावर मी भांडी घासली, पुड्या बांधल्या, आणि रडले नाही. फक्त रात्रीचं जेवण वाढताना बाबांना म्हणाले, "बाबा, तिकडं काटा नाई."

बाबांनी घास खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी ते मॅनेजर नारायणरावांकडं गेले. दसऱ्याला आमच्याकडं मागल्या सालच्या उरल्या कापसाची पहिली गाठ दाबून मुहूर्त करत. त्या वेळी नारायणरावांची बायको कुंकवाचं ताट घेऊन प्रेसच्या दाराशी उभी राहत असे, मॅनेजरची बायको म्हणून, पट्ट्यांपासून दूर. त्या साली ती बाळंतपणाला माहेरी होती. ताट कोणीतरी धरायला हवंच होतं. बाबांनी कसं विचारलं मला माहीत नाही. संध्याकाळी आले ते पायरीवरूनच म्हणाले, "रुखमे, दसऱ्याले ताट तुह्या हातात. आत, घड्याळासमोर. पाह्यून घे एकदाचा."

आई म्हणाली, "पोरी दागिने मांगतात, हिले काटा पाह्यजे."

ते चार दिवस मी कसे काढले, मलाच ठाऊक.

खंडेनवमीला आम्ही गेलो. ओळीनं सगळी हत्यारं मांडलेली. पाने, छिन्न्या, हातोडे, तेलाच्या झाऱ्या. गनीचाचांनी त्यांचा मोठा पाना बाबांच्या पान्याशेजारी आणून ठेवला आणि भटजींना म्हणाले, "महाराज, याच्यावर फूल जरा मोठं टाका. वजनदार हाय." एकदा पूजा झाली की हत्याराला हात लावायचा नाही, ते दसऱ्याच्या सकाळी पूजा उतरेपर्यंत. मालकानं सांगितलं तरी नाही. गाव पेटलं तरी नाही, असं गनीचाचा म्हणायचे, मग स्वतःच म्हणायचे, "पेटलं तं बादली हाय न. बादली हत्यार थोडी हाय."

मी ताटलीत कुंकू घेऊन प्रेसच्या खोलीत गेले. घड्याळ भिंतीला होतं, माझ्या कपाळाच्या उंचीवर. पांढरी तबकडी, पितळी कड, काटा खुंटीवर. उद्या हा इथून उठेल. मी बोटानं काचेवरून त्याची वाट फिरवून पाहिली. डावीकडून वर, पार डोक्यावर, तिथून थोडा उजवीकडं कलून दोन. उद्या ह्या वेळी.

मग कुंकू लावायला वाकले, तेव्हा घड्याळाच्या बुडाशी पांढरं काही दिसलं. आट्यांच्या कडेनं बाहेर आलेला सफेदा. त्यात एक अंबाडीचा केस. आणि सफेद्याला पिवळसर झाक.

माझी हळद.

मागून गनीचाचा म्हणाले, "पाह्य छोटा मिस्त्री, कसा बसवला! तीन गाठी मोजल्या. आत अंगठी नव्हती, म्हटलं लढाईचा जमाना, तांबं भेटून नाई राह्यलं, मिस्त्रीनं काई तोड काढली असंल. तपासणीच्या वाफेवर पयला दाबबी देऊन पाह्यला, अर्धा टन. थेंब नाई." बाबा पंधरा दिवस बॉयलरच्या तपासणीत गुंतले होते. हे घड्याळ चाचांनी बसवलं होतं. माझ्या गाठींवर विश्वास ठेवून.

पाहुणे आले होते त्या दिवशीची पुडी. मी वाफेच्या पुडीला तीन गाठी मारल्या होत्या. अंगठी घरी डब्यात पडून होती, जुनी, कडक, तापवायची राहिलेली.

मी काही बोलले नाही. कुंकू लावलं, हळद लावली, फूल ठेवलं, आणि आईबरोबर घरी निघाले. त्या वाटेवर मनात काय चाललं होतं ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. प्रेसपासून आमचं घर दोन फर्लांग. ते दोन फर्लांग मी हिशेब करत चालले. आज पान्याला हात लागणार नाही. उद्या सकाळी पूजा उतरल्यावर सांधा नवा करावा लागेल. आणि नव्या सांध्याचा नियम मला पाठ होता: पहिल्या दाबाला घड्याळासमोर कोणी उभं राहत नाही. कोणीच नाही, मग ताट कसलं. बोललं की माझा काटा गेला. नाही बोललं तर? एका टनापर्यंत अंबाडी धरेलही. कदाचित दीडपर्यंतही. कदाचित धरेलच. माघात मी जाणार होते, आणि पुन्हा कोणाची बायको बाळंतपणाला जाणार नव्हती.

बाबा कुठं उभे राहतात हे मात्र मी स्वतःला विचारत नव्हते. बोटांवर भरवसा उरला नव्हता, म्हणून ते घड्याळाला नाक लावून उभे राहत. हे मला पुरतं माहीत होतं.

दिवेलागणीला आई चुलीपाशी पुऱ्या लाटत होती. बाबा ओट्यावर पाय धूत होते.

"बाबा," मी म्हणाले, "प्रेसच्या घड्याळाले अंबाडी हाय."

"चाल, काईतरीच. कोनं बसवलं?"

"चाचानं. पुडी मी बांधली होती. तीन गाठी मारल्या, माल दोन गाठीचा."

बाबांचा तांब्या हातातच राहिला. मी वाट पाहत होते की ते रागावतील. माझ्यावर ते कधी रागावले नव्हते, आता तरी रागवावं असं वाटत होतं. ते म्हणाले, "पाह्यलं कधी?"

"सकाळीच."

"आन् आता सांगून राह्यली?"

"हाव."

बस, एवढंच. त्यांना सगळं कळलं. मग म्हणाले, "अंगठी?"

"डब्यात. तापवायची राह्यली."

बाबांनी देवघराकडं पाहिलं. घरची हत्यारंही तिथं मांडलेली होती, फुलांखाली. हातोडा, सांडस. भात्याच्या मुठीलाही माळ. "सकाळी पूजा उतरली का भाता लावू मंग," ते म्हणाले, पण त्यांच्या आवाजात दम नव्हता. नऊचा मुहूर्त. पूजा उतरेपर्यंत सूर्य वर येणार, भाता पेटेपर्यंत अर्धा तास जाणार, आणि घड्याळ उतरवून चढवायचं ते वेगळंच.

आई पुरी लाटता लाटता म्हणाली, "चूल तं पेटून हाय."

"धराव कायनं? सांडस देवापुढं हाय."

आईनं आपली सांडशी पुढं केली, पातेलं उतरवायची. "हे घ्या. बायांच्या हत्यारायले कोनं फूल वाह्यलं कधी?"

बाबा एकदम हसले. इतके, की त्यांना ठसका लागला. "झुंबरे, तू प्रेसवर पाह्यजे होती," ते म्हणाले. आणि सांडशी त्यांनी स्वतः घेतली नाही. माझ्या हातात दिली.

मी कढई उतरवली. अंगठी सांडशीत धरून निखाऱ्यांच्या पोटात घातली. आधी ती काळी पडली, मग तिच्या कडेनं हिरवी ज्योत आली, मग आतून हळूहळू लाल. बाबा मागून पाहत होते. "आता नाई. आता नाई. आता." मी ती परातीतल्या पाण्यात टाकली. चुर्र झालं. काढली तेव्हा कडेची काळी साल सुटून आत गुलाबी तांबं निघालं होतं. परातीच्या कडेवर वाजवली तर आधीसारखी खणकली नाही, मऊ झाली होती. आई म्हणाली, "त्या परातीतलं पाणी आता फेका बाप्पा, मी कणीक मळायले ठेवलं होतं."

मग बाबा हळूच म्हणाले, "रुखमे, नव्या सांध्याचा पयला दाब—"

"मालूम हाय," मी म्हणाले. "समोर कोनी उभं नाई राह्यत."

पुऱ्या त्या दिवशी चांगल्या फुगल्या होत्या. मी एकच खाल्ली.

सकाळी मी ताट घेऊन गेले ती दाराबाहेरच उभी राहिले. आत बाबा आणि गनीचाचा घड्याळ उतरवत होते. चाचा मान खाली घालून पाना फिरवत होते. नारायणराव हातातल्या घड्याळाकडं पाहत येरझारा घालत होते. मालकांचे पाहुणे मांडवात बसले होते.

"मिस्त्री, नऊ वाजले. आता काय नवं काढलं?"

"अंगठी बसवून राह्यलो, साहेब."

"काल सुचलं नाही?"

"कालच सुचलं," बाबा म्हणाले. "काल पाना देवाजवळ होता."

"मुहूर्त टळतो आहे!"

तेव्हा गनीचाचा बोलले. "मुहूर्त तुमच्या घड्याळात टळला साहेब. आमचं घड्याळ अजून शून्यावर हाय."

पाना शेवटचा आवळला, आणि बाबा दाराशी आले. "सगळे बाहेर. पयला दाब हाय." मग मला म्हणाले, "तू तिथंच. उंबऱ्याबाहेर." त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही.

दारातून घड्याळ आडवं दिसत होतं. नुसती पितळी कड, सोन्याच्या काडीसारखी. तबकडी नाही, काटा नाही. मी मान वाकडी केली, पाय उंचावले. ताटातलं निरांजन कललं. कड ती कडच.

पंप सुरू झाला. जमीन हलायला लागली, ती मला तळपायांतून कळली. चाचा झडपेशी होते. बाबा घड्याळासमोर नव्हते, दारासमोरच्या भिंतीला पाठ लावून बाजूला उभे होते, जिथून त्यांना तिरका काटा दिसत होता आणि मला ते पूर्ण दिसत होते. त्यांचा उजवा हात मांडीला लागून खाली होता.

मग तो हात हलला. मला वाटलं, चाचांना खूण करत आहेत. पण ते चाचांकडं पाहत नव्हते. डोळे घड्याळावर, आणि हात शरीरापासून सुटून बाहेर येत होता. तर्जनी ताठ, दोन बोटं आत वळलेली. फार हळू. कोपर न वाकवता. थोडा वर आला, थांबला, इवलासा मागं आला, पुन्हा पुढं. पंपाच्या ठोक्याबरोबर. प्रत्येक ठोक्याला हात थोडा जास्त उठायचा आणि केसभर परत यायचा, उठायचा आणि केसभर परत यायचा.

तेव्हा मला कळलं.

हात खांद्याशी आला. पाऊण टन. त्याच्या वर. एक. गनीचाचांनी झडप अजून फिरवली असावी, कारण हात आता वेगानं चढला, डोक्याच्या बाजूनं, बाही कोपरापर्यंत घसरली आणि भाजलेल्या कातडीवर उजेड पडला. दीड, हात सरळ आभाळाकडं. तिथं तो थरथरला. नारायणराव म्हणाले, "मिस्त्रीला काय झालं?" हात डोक्यावरून पलीकडं कलला, आणि मग थांबला. ठोका आला तरी हलला नाही.

दोन.

सांधा कोरडा होता. बाबांनी हात तसाच धरून ठेवला, किती वेळ सांगता येणार नाही. पाहुण्यांना काय वाटलं असेल कोण जाणे. मग आत गाठ आवळली गेली, लोखंडी पट्ट्या बसल्या, चाचा ओरडले, आणि बाबांचा हात हळूहळू, ज्या वाटेनं गेला त्याच वाटेनं, मांडीशी परत आला.

गाठ बाहेर आणली तेव्हा तिला मी कुंकू लावलं. नारायणराव म्हणाले, "झालं ओवाळणं? चला, जिनाचे पट्टे चढवा." त्यानंतर हंगाम संपेपर्यंत यंत्रं बंद झाली नाहीत. माघात मी बीबीला गेले.

माणसं चांगली होती, म्हटलंच आहे. रामरावांनी मला कधी काही कमी पडू दिलं नाही. घरचा भाता होता. मी तो ओढत असे, वखराच्या लोखंडी पासा, गाडीच्या चाकांच्या धावा, सगळं शिकले. पण तिथं दाब मोजायची वेळ कोणावर येत नव्हती. सकाळी भोंगा नाही. तरी त्या वेळेला माझे पाय अंगणात जायचे. सासूबाई विचारायच्या, "काय पाहाया लागलीस गं?" मी म्हणायची, काही नाही, ऊन पाहते.

पहिल्या उन्हाळ्यात माहेरी आले तेव्हा बाबांनी सफाईसाठी घड्याळ खोललं होतं. ती अंगठी त्यांनी माझ्यासाठी राखून ठेवली होती. चेपलेली, दोन्ही अंगांना आट्याच्या कडेची गोल रेघ उमटलेली. "घे," म्हणाले. "दोन टन खाल्ले हिनं. तापवली का पुन्हा नवी."

मी विचारलं, "बाबा, तो थरथरत जाते का?"

"तुले दाखवलं न मी."

"दीडावर तुमचा हात थरथरला. तो काटा होता का तुमचा हात?"

बाबांनी आपल्या हाताकडं पाहिलं. "आता याद नाई," म्हणाले.

मी दर साली ठरवायची, की औंदा दसऱ्याला नांदुऱ्याला जायचं आणि निदान दारातून पुन्हा पाहायचं. पण कापसाचा हंगाम इकडंही तोच. वेचणी लागायची. कधी पोटुशी, कधी पोर तापानं फणफणलेलं. एका साली बाबांनी निरोप पाठवला, ये, नारायणराव बदलून गेले, नवा माणूस ऐकणारा आहे. त्या साली सासूबाई अंथरुणाला खिळल्या. पुढच्या उन्हाळ्यात बाबा गेले. गनीचाचा मातीला आले होते, दाढी पांढरी झाली होती. म्हणाले, "बेटा, तुझ्यामागं मी एकही सांधा गाठी मोजून नाई बसवला. पुडी सोडून पाह्यत होतो." मग म्हणाले, "तशी पुडी पुन्हा कोनी बांधली बी नाई."

प्रेस पुढं विजेवर गेली, मग बंद पडली. मी एकदा पाहून आले. इंजिनघराला दार नव्हतं, कोणीही आत जावं. घड्याळाच्या जागी भिंतीवर एक गोल फिकट खूण होती, माझ्या कपाळाच्या उंचीवर. मी समोर उभी राहिले, अगदी समोर, जिथं ताट घेऊन उभं राहायचं होतं.

अंगठी माझ्या डब्यात आहे. चूल गेली, पण गॅसवरही तांबं लाल होतं. मी ती तापवलेली नाही. तापवली की मऊ होईल, नवी होईल, आणि मग तिनं काय सोसलं ते तिच्यावर राहणार नाही.

दुपारी घरात कोणी नसलं की मी कधी कधी भिंतीला पाठ लावून उभी राहते आणि उजवा हात उचलते, कोपर न वाकवता, ठोक्याठोक्यानं. बाबांचा हात दोनवर कसा थांबला होता ते डोळ्यांपुढं लख्ख आहे. पण खांदा धरला आहे माझा. पाऊण टनाच्या वर जात नाही.